पाळी, मेंदू आणि मोजमाप

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कंपनीची एक जाहिरात बंगळूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या सूचनाफलकावर लागली होती. कंपनीला तरुण अभियंते हवे होते. जाहिरातीत एक ओळ अशी होती की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तेथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने ती वाचली, रागाच्या भरात एक पोस्टकार्ड थेट जे. आर. डी. टाटांना पाठवले, आणि पुढे रीतसर मुलाखत देऊन त्या टेल्कोत रुजू झाल्या. सुधा मूर्ती या नावाने आज त्यांना सारे ओळखतात. ही हकिगत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे, त्यामुळे बहुतेक शिक्षकांना ती ठाऊक असेल.

आमचे लक्ष वेधते ते त्या जाहिरातीत नसलेल्या गोष्टीकडे. स्त्रिया का नकोत याचे कारण तिच्यात दिलेले नव्हते. ते देण्याची गरजच कोणाला वाटली नसावी. लोखंडाचे काम, तेलाचे हात, पाळ्यांची नोकरी, तेथे बाईमाणसाचे काय काम, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. त्याच पिंपरीच्या आवारात अलीकडच्या वर्षांत मोटारींची जोडणी करणारी संपूर्ण स्त्रियांची साखळी उभी राहिली. आयटीआय किंवा पदविका घेतलेल्या मुली चाकण, तळेगाव, भोसरीच्या कंपन्यांत रोज गणवेश घालून बसने जाताना दिसतात. दरवाजा उघडला आहे, यात शंका नाही. मात्र जे कारण पूर्वी सांगावे लागत नव्हते, ते आता सांगितले जाऊ लागले आहे, आणि तेही शास्त्राच्या भाषेत.

हे आम्हांला कळले चिंचवडजवळच्या एका शाळेत. विज्ञान शिक्षकांपुढे मेंदूविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक ज्येष्ठ शिक्षक उठले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली चाकणला कामाला लागलेल्या. ते म्हणाले, ‘‘आमच्या मुलींना तिथले साहेब ऐकवतात, महिन्यातले चार दिवस तुमचे डोके ठिकाणावर नसते, हॉर्मोनचा खेळ असतो, हे सायन्सने सिद्ध झाले आहे. खरे आहे का हो हे?’’ आम्ही उत्तर दिले, ‘‘थोडे खरे आहे, बरेचसे नाही.’’ ते बसले, पण समाधान झालेले दिसले नाही. आमचेही झाले नव्हते. पाच मिनिटांत देता येईल असे ते उत्तर नाही. त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात करावी लागते अमेरिकेपासून. १८७३ साली हार्वर्डचे एक नामवंत वैद्य डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले. त्यांचा युक्तिवाद विज्ञान शिक्षकांना मोठा मजेशीर वाटेल. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्या काळी नवा होता आणि विद्वानांच्या जिभेवर खेळत होता. क्लार्क म्हणत, शरीरातील शक्तीचा साठा ठरावीक आहे. पाळी सुरू होण्याच्या वयात मुलीने डोके फार चालवले तर रक्त मेंदूकडे वळते, गर्भाशय आणि बीजांडकोश उपाशी राहतात, आणि मुलगी आजारी, वेडसर किंवा वांझ होते. पुरावा म्हणून त्यांनी आपल्याकडे आलेल्या मोजक्या आजारी मुलींच्या हकिगती दिल्या. न शिकलेल्या आजारी मुली किती, शिकूनही ठणठणीत राहिलेल्या किती, हे त्यांनी मोजले नाही. पुस्तक मात्र हातोहात खपले.

हे निव्वळ ग्रंथांत राहिले असते तरी एक वेळ चालले असते. पण त्याच सुमारास, १८७२ मध्ये, जॉर्जिया प्रांतातील डॉ. रॉबर्ट बॅटी यांनी निरोगी बीजांडकोश कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पाळीचा त्रास, झटके, उदासी, चिडचिड अशा तक्रारींवर ती पुढे अनेक ठिकाणी केली गेली. स्त्रीचे मन बिघडले तर दोष बीजांडकोशात शोधायचा, ही समजूत अशी सुरीच्या टोकावर येऊन बसली होती.

क्लार्कना उत्तर दिले ते मेरी पटनम जेकोबी या स्त्री डॉक्टरने. हार्वर्डनेच बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषय लावला होता: पाळीच्या काळात स्त्रियांना मानसिक आणि शारीरिक विश्रांतीची गरज असते काय? निबंधावर नाव घालायचे नसे, त्यामुळे लिहिणारी बाई आहे हे परीक्षकांना कळायला मार्ग नव्हता. जेकोबींनी स्त्रियांकडे प्रश्नावली पाठवली. २६८ जणींची उत्तरे आली. शिवाय काही जणींची नाडी, तापमान, स्नायूंची ताकद महिनाभर मोजली. सामान्य प्रकृतीच्या स्त्रीने पाळीच्या दिवसांत काम थांबवावे असे त्या आकड्यांत काहीही निघाले नाही. १८७६ चे पारितोषिक जेकोबींना मिळाले.

त्यानंतर सातच वर्षांनी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली एम. डी. झाल्या. मधल्या काळात, १८८४ साली, पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेच आपले हुजुरपागा. आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाला कडाडून विरोध झाला, पण तो मुख्यतः धर्म, रूढी आणि संसार यांच्या नावाने. तिकडे तोच विरोध शरीरशास्त्राचा अंगरखा घालून आला होता. आज चाकणच्या मुलींना ऐकायला मिळते ते क्लार्कचेच म्हणणे आहे, फक्त रक्ताच्या जागी हॉर्मोन आले आहे.

या इतिहासातील आमचे सर्वांत आवडते पात्र मात्र एक शिक्षिका आहे. लेटा हॉलिंगवर्थ अमेरिकेतील नेब्रास्कात शाळेत शिकवत असत. लग्नासाठी न्यूयॉर्कला आल्या तेव्हा त्यांना कळले की त्या शहरात विवाहित स्त्रीला शिक्षिकेची नोकरी मिळत नाही. घरी बसून कंटाळलेल्या या बाई पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात शिकू लागल्या आणि १९१४ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. विषय तोच, पाळीच्या दिवसांत स्त्रीची कार्यक्षमता घटते काय?

पद्धत इतकी साधी की कोणत्याही शाळेत जमावी. सहा स्त्रिया आणि दोन पुरुष यांना तीन महिने रोज चाचण्या द्यायच्या. शिवाय आणखी १७ स्त्रियांना थोड्या कमी काळासाठी. एका ठिकाणी बोट किंवा काडी भरभर आपटत राहायची आणि ठरावीक वेळात किती ठोके पडले ते मोजायचे. लहानशा भोकात धातूची काडी धरायची आणि हात किती वेळा कडेला लागतो ते पाहायचे. रंगांची नावे सांगायची, विरुद्धार्थी शब्द सांगायचे, टंकलेखन शिकायचे. दोन पुरुष कशाला, असे वाचकांना वाटेल. माणसाची कामगिरी दिवसागणिक वरखाली होतेच. ती पुरुषाचीही किती होते हे कळल्याशिवाय स्त्रीच्या चढउताराचा अर्थ कसा लावणार? क्लार्कना न सुचलेली ही साधी गोष्ट हॉलिंगवर्थना सुचली. आकडे मांडल्यावर पाळीचे दिवस आणि बाकीचे दिवस यांत वेग, अचूकता किंवा शिकण्याची गती यांचा फरक आढळला नाही. सरावाने मात्र सगळ्यांचीच कामगिरी सुधारत गेली होती. जुन्या लेखकांनी जे ठासून सांगितले होते, ते कोणी मोजूनच पाहिले नव्हते.

येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. मराठीत कारखान्यातील शिफ्टलाही पाळी आणि महिन्याच्या स्रावालाही पाळी. पिंपरी-चिंचवडमध्ये या दोन पाळ्यांची गाठ कायद्यानेच घातली होती. स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९१९ साली झाला, आणि आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६६व्या कलमाने स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात कामाची मुभा ठेवली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की जेथे तीन पाळ्या चालतात तेथे स्त्रीला घ्यायलाच कोणी तयार होईना. १९९० च्या आंतरराष्ट्रीय कराराने रात्रीच्या कामाचा विचार स्त्री-पुरुष असा भेद न करता केला, आणि आपल्याकडचे नियमही पुढे सैल झाले. शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीने पाहिले तर हेच बरोबर आहे. रात्रपाळीने झोपेचे आणि संप्रेरकांचे चक्र बिघडते ते माणसाचे, केवळ बाईचे नव्हे. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या पुरुष कामगाराच्या चिडचिडीला मात्र कोणी हॉर्मोनचा खेळ म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हॉलिंगवर्थ मोजमाप करत होत्या तोपर्यंत ‘हॉर्मोन’ हा शब्द चलनात आला होता. लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो १९०५ साली वापरला. ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवाला निरोप पोचवणारे रसायन, असा त्याचा अर्थ. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. १९२९ मध्ये एक स्त्रीसंप्रेरक प्रथम शुद्ध रूपात वेगळे काढले गेले आणि १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन हाती आले. हे फार मोठे काम होते. पण हाती हातोडी आली की सगळीकडे खिळे दिसू लागतात. १९३१ सालीच न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी पाळीपूर्वीच्या अस्वस्थतेवर निबंध लिहिला आणि स्त्रीसंप्रेरक शरीरात साठून राहते हे तिचे कारण ठरवले. त्यांच्यापुढे रुग्ण होत्या १५. बीजांडकोशाची सुरी गेली आणि तिच्या जागी बीजांडकोशाचे रसायन आले. विचाराची चौकट तीच राहिली.

मग संप्रेरकांचा मनाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. येथवरचा भाग वाचून कोणी उलट टोकाला जाऊ नये म्हणून हे सविस्तर सांगतो.

आधी असा समज होता की मेंदू हुकूम सोडतो आणि ग्रंथी तो पाळतात. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग पियुषिका ग्रंथीला रासायनिक संदेश देतो आणि ती बीजांडकोशाला चालवते, हे सिद्ध करणाऱ्या रॉजर गिलमन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हा रस्ता दुहेरी आहे. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकइवेन यांनी किरणोत्सारी खूण केलेले अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक उंदरांना टोचले आणि ते मेंदूत कोठे जाऊन बसते ते पाहिले. ते जमा झाले हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मरणाशी आणि भावनांशी निगडित भागात. ताण पडला की स्रवणारे रसायन थेट आठवणींच्या कोठारात शिरते, आणि तेथे त्याला धरून ठेवणारे ग्राही तयार असतात.

१९९० मध्ये मॅकइवेन यांच्याच प्रयोगशाळेतील कॅथरिन वूली आणि सहकाऱ्यांनी आणखी चकित करणारी गोष्ट दाखवली. उंदरीचे प्रजननचक्र चार-पाच दिवसांचे असते. तेवढ्या काळात हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्यांवरील बारीक काटे, ज्यांच्यावर दुसऱ्या पेशींचे संदेश उतरतात, वाढतात आणि पुन्हा घटतात. इस्ट्रोजेन चढते तसे ते वाढतात. प्रौढ मेंदूची जुळणी कायमची पक्की असते असे आम्हांला विद्यार्थिदशेत शिकवले होते. ती दर आठवड्याला थोडी उसवली आणि विणली जाते, असे या उंदरीने दाखवले. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणारा एक पदार्थ तर चेतापेशींना शांत करणाऱ्या ग्राहींवर काम करतो, झोपेच्या गोळ्या जेथे काम करतात जवळजवळ तेथेच. बाळंतपणात प्रोजेस्टेरॉन अफाट वाढलेले असते आणि वार पडल्यावर काही दिवसांत कोसळते. याच धाग्यावरून काम करत प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर खास औषध निघाले. अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळालेले पहिले औषध ६० तास शिरेतून द्यावे लागे. २०२३ साली १४ दिवस घ्यायची गोळी आली.

शिक्षकांच्या डोळ्यांसमोर घडणारी एक गोष्टही या बाजूने साक्ष देते. लहानपणी नैराश्याचे प्रमाण मुलगे आणि मुलींत साधारण सारखे असते. १२-१३ वर्षांच्या आसपास, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वर्गात, मुलींचे प्रमाण वाढू लागते आणि पुढे पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होते. वयात येण्याचा याच्याशी संबंध आहे हे उघड आहे. पण त्याच वयात मुलीचे खेळणे बंद होते, बाहेर जाण्यावर नजर येते, रस्त्यावर शेरे ऐकावे लागतात. संप्रेरक आणि परिस्थिती एकाच वर्षी येऊन थडकतात. मग कोणाचा वाटा किती, हे वेगळे कसे काढायचे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि सहकाऱ्यांनी यासाठी जो प्रयोग केला तो आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. पाळीपूर्वी ज्यांना तीव्र उदासी आणि चिडचिड होते अशा स्त्रिया एका गटात, ज्यांना कधीच काही होत नाही अशा दुसऱ्या गटात. औषध देऊन दोन्ही गटांतील बीजांडकोशांचे काम तात्पुरते थांबवले. पहिल्या गटातील अनेकींचा त्रास गेला. मग इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून, दोन्ही गटांना सारख्याच मात्रेत दिले. ज्यांना पूर्वी त्रास होता त्यांचा परत आला. दुसऱ्या गटाला काहीच झाले नाही. २००० साली त्यांनीच बाळंतपणाची नक्कल केली: संप्रेरके आठ आठवडे चढती ठेवून मग एकदम बंद केली. पूर्वी प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या आठ जणींपैकी पाच जणी खचल्या. तसा इतिहास नसलेल्या आठ जणींपैकी एकही नाही.

या दोन प्रयोगांनी फ्रँक यांची चौकट मोडली. दोष संप्रेरकाच्या पातळीत नव्हता; पातळी दोघींची सारखीच होती. काही जणींचा मेंदू त्या चढउताराला वेगळा प्रतिसाद देतो. शंभरातील काही थोड्या स्त्रियांना हा त्रास खरोखर मोठा असतो, त्याला नाव आहे आणि उपचार आहेत, आणि ‘सगळ्याच बायकांचे तसेच’ असे म्हणून तो उडवून लावणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. उरलेल्या बहुसंख्य स्त्रियांविषयी मात्र साहेबांचे विधान लागू पडत नाही.

असा वेगळा प्रतिसाद कशाने घडतो? काही अंशी जनुकांनी. आणखी कशाने, याचे उत्तर शोधताना आपल्याला बेथेस्डाहून गोव्याला यावे लागते.

पण आधी एक घरची गोष्ट. आमची एक मावशी चिंचवडला राहत असे. काकांची नोकरी कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलणारी. १९८० नंतरची ही गोष्ट. दुसऱ्या बाळंतपणानंतर मावशी बोलेनाशी झाली. बाळ रडत असले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राही. डॉक्टरांनी लोहाचे टॉनिक दिले, शेजारणींनी बाळंतवारा म्हटले, सासूबाई अंगारा घेऊन आल्या. घरातील एका शिकलेल्या नातेवाइकाने ‘‘हॉर्मोन्स आहेत, होईल ठीक’’ असा निर्वाळा दिला. ठीक व्हायला दीड वर्ष लागले. आम्ही तेव्हा लहान होतो. आठवते ते एवढेच की तिच्या घरी गेले की मोठ्याने बोलायचे नाही.

गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. तिचे एक संस्थापक मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल. त्यांनी मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांच्यासह गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांची शेवटच्या तिमाहीत नोंद केली, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा भेटले आणि सहाव्या महिन्यात परत एकदा भेटले. नैराश्य ओळखण्यासाठी एडिंबरा येथे १९८७ साली तयार झालेली १० प्रश्नांची प्रश्नावली वापरली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या भेटीत सापडलेल्या २५२ मातांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना नैराश्य होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

यातील दोन निष्कर्षांवर थांबून विचार करावा. पहिला हा की त्या ५९ जणींपैकी ७८ टक्के स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य गरोदरपणातच लक्षणीय बिघडलेले होते. संप्रेरके कोसळतात बाळंतपणानंतर. आजार त्याआधीच आलेला होता. कारण परिणामाच्या आधी हवे, हा नियम आपण मुलांना शिकवतो तो येथे जसाच्या तसा लावता येतो. (पुढे कधीतरी आम्ही हे आकडे मावशीला सांगितले. ती म्हणाली, ‘‘मला सातव्या महिन्यापासूनच काही गोड लागत नव्हते. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.’’)

दुसरा निष्कर्ष बाळाविषयीचा. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे निघालीच, पण बाळ मुलगा आहे की मुलगी यानेही फरक पडत होता. नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीसारख्या इतर कारणांचा परिणाम बाळाच्या लिंगाप्रमाणे बदलत होता. मुलगा होवो वा मुलगी, वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन सारखीच उतरतात. मग आईचे मन वेगळे का वागते? उत्तर रक्तात नाही, पाळण्याभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर आहे. अर्थात ते चेहरेही शेवटी मेंदूपर्यंत पोचतात, आणि अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल सोडायला लावतातच. मॅकइवेन यांच्या उंदरांनी दाखवलेला रस्ता तोच. संप्रेरक हे कारण जितके आहे, तितकेच ते परिस्थितीचा निरोप्याही आहे.

गोव्याच्याच गटाने २००५ साली थकव्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ‘अशक्तपणा आहे’ ही आपल्याकडच्या स्त्रियांची सर्वांत सामान्य तक्रार, आणि रक्त कमी आहे हे तिचे ठरलेले उत्तर. २४९४ स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. त्याचा संबंध निघाला मनाच्या अस्वास्थ्याशी, गरिबीशी आणि घरात होणाऱ्या जाचाशी. हिमोग्लोबिनशी निघाला नाही. आम्ही स्वतः हे प्रथम वाचले तेव्हा आकडे दोनदा तपासून पाहिले होते.

पण म्हणून ‘सगळे मनाचेच’ असे म्हणायलाही आपण मोकळे नाही, आणि तेही महाराष्ट्रानेच दाखवले आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कित्येकींनी तक्रारही केली नव्हती. एका ठिकाणी शरीर शोधले तर शरीराचा रोग सापडला, दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासले तर मनाचे दुखणे सापडले. दोन्हीकडे समान गोष्ट एकच, कोणीतरी घरोघरी जाऊन विचारले आणि मोजले. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांचाही झगडा याच मुद्द्यावर होता: स्त्रीच्या मनाविषयी बोलताना तिच्या जगण्याची चौकशी का होत नाही?

चौकशीचा उपयोग उपचारालाही होतो. गोव्यात पुढे २८० नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींकडे गावातीलच, स्वतः आई असलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका नियमाने जात. त्यांना ‘सखी’ म्हणत. त्या ना डॉक्टर होत्या ना परिचारिका. बसून ऐकायचे, दिवसाची आखणी करायला मदत करायची, घरच्यांना सोबत घ्यायचे, एवढेच काम. ज्यांच्याकडे सखी जात होत्या त्यांच्यात बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. फरक फार मोठा नव्हता, पण खर्च अत्यल्प होता, आणि चिंचवडच्या वसाहतीत किंवा चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत करता येऊ नये असे त्यात काहीच नाही.

आता त्या ज्येष्ठ शिक्षकांसाठी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. १९८८ साली कॅनडात मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी स्त्री-पुरुष दोघांनाही, हेतू न सांगता, रोजच्या मनःस्थितीची नोंद ठेवायला लावली. नोंदी उलगडल्यावर दिसले की स्त्रियांची मनःस्थिती पुरुषांपेक्षा अधिक अस्थिर नव्हती, आणि पाळीच्या चक्रापेक्षा आठवड्याच्या वाराप्रमाणे मन अधिक वरखाली होत होते. नंतर आठवून सांगायला लावले तेव्हा मात्र स्त्रियांनी पाळीपूर्वीचे दिवस नोंदींपेक्षा वाईट सांगितले. ऐकीव समजूत आपल्या आठवणीसुद्धा रंगवते.

नववीच्या वर्गातील मुलगे आणि मुली अशा सर्वांना एक महिनाभर रोज एकाच वेळी दोन नोंदी करू द्याव्यात: आजचे मन १ ते ५ मध्ये किती, आणि १५ सेकंदांत पेन्सिलीने कागदावर किती ठिपके पडले. कागदावर नाव नको, फक्त स्वतःला माहीत असलेली खूण आणि मुलगा की मुलगी एवढे. पाळीविषयी वर्गात काहीही विचारू नये. मुलींना हवे असेल तर घरी आपली नोंद आपण ताडून पाहतील. महिनाअखेर सगळ्यांचे आलेख काढावेत आणि कोणता आलेख मुलाचा, कोणता मुलीचा, हे खुणेवरून न पाहता वर्गाला ओळखायला सांगावे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक सोय आहे. भोसरी-पिंपरीच्या बहुतेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेला रविवारी. ज्यांचे आई-वडील कारखान्यात आहेत त्यांची मने गुरुवारी वर जातात की रविवारी, हे आम्हांला ठाऊक नाही. आलेख आले तर आम्हांला जरूर पाठवावेत.